टिकली, मणी, टाका

(काळोख. ढोल. हळूहळू टिकल्यांची लुकलुक दिसू लागते.)

कॅरिबियनमधल्या हैती देशात व्होडू हा धर्म पाळतात. व्होडू देवळात निशाणं येतात ती जोडीनं. पुढे तलवार घेतलेला 'लाप्लास', मागे निशाणं धरलेल्या दोघी. मधल्या खांबाशी सलामी होते. लाप्लास हे पद जुन्या फौजेतून आलेलं. देवांना इथं बोलावणं धाडतात तेही लष्करी इतमामात. १८०३ साली फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढला आणि उरलेलं निळं-लाल शिवून हैतीचं निशाण झालं, असं सांगतात. अशा देशात कापडाला मान असायचाच.

या निशाणाला म्हणतात 'द्रापो'. चौकटीवर ताणलेलं कापड. खालून सुई वर येते, टिकलीतून जाते, बारीक मणी ओवते आणि त्याच भोकातून परत खाली. मणी टिकलीला निसटू देत नाही. मग दुसरी टिकली, तिसरी... एका निशाणावर हजारो.

(लोखंडी बाजाराचं छायाचित्र.)

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या या बाजारात पिएरो बारा आणि त्यांच्या पत्नी मारी कासेझ यांचं दुकान होतं. त्यांच्या हातात टिकल्यांचं हे काम कापडावरून उठलं आणि वस्तूंवर चढलं. रबरी बाहुल्या, आरसे, जपमाळा, चष्मे. सगळं साटीनमध्ये गुंडाळायचं, शिवायचं, मढवायचं.

याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणायचा मोह आवरावा. इथं प्रत्येक वस्तूला अर्थ आहे. एक काच नसलेला काळा चष्मा म्हणजे गेदे, स्मशानाचा देव: एक डोळा जित्यांवर, एक मेलेल्यांवर. आरसा समुद्रातल्या लासिरेनचा. गालावर वण असलेली लेकुरवाळी म्हणजे एझिली दांतो. तिच्या वाटेला सहसा कोणी जात नाही! द्रापोवर हे देव चिन्हांतून किंवा चित्रांतून येतात, सपाट. या नवरा-बायकोच्या कामात त्यांना हात, पाय, पाठ मिळाली. अशा वस्तूला व्होडूत 'रेपोझ्वा' म्हणतात. म्हणजे विसाव्याची जागा. आपण म्हणू, देवाचं ठाणं.

पिएरो बारा १९९९ साली गेले. पुढे २०१० च्या भूकंपात बाजाराची पडझड झाली, तो पुन्हा उभाही राहिला.

(संग्रहालयाची काच. मग पुन्हा देऊळ.)

काचेआड टिकल्यांवर दिव्याचा झोत एका जागी स्थिर असतो. देवळात निशाण धरलेली बाई गर्रकन वळते, आणि उजेड टिकल्यांवरून सरसर धावत जातो.