रबराच्या पानावरची बुरशी: नाव एक, वाण अनेक

मंडळी, विषयाला हात घालण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. आत येताना तिघांनी मला सांगितलं, "आमच्या गॅलरीत रबराचं झाड आहे." जाड, चकचकीत पानांचं, लाल कोंबाचं ना? ते फायकस, म्हणजे वडाचं भावंड. त्याच्या चिकातून पूर्वी रबर काढत, म्हणून ते नाव पडलं. पण वडावरून नाव पडलेल्या आपल्या बडोद्यात तरी वडाचं गोत ओळखू यावं, असं मला मनापासून वाटतं. आज बोलायचंय ते हेवियाबद्दल, म्हणजे मळ्यांतल्या खऱ्या रबराच्या झाडाबद्दल. हे झाड अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने त्याचं सुमारे ७०,००० बी लंडनच्या क्यू बागेत नेलं आणि तिथली रोपं आशियात आली.

तरुणपणी मी दक्षिण कर्नाटकातल्या एका रबर इस्टेटीवर होतो. हिवाळ्यात पानं गळून गेली, तांबूस कोवळी पालवी फुटली आणि तीही झडायला लागली. आम्ही पानं तपासायला पाठवली. तीन आठवड्यांनी चिठ्ठी आली: "बुरशी आहे, फवारणी करावी." बस! त्या चिठ्ठीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अहो, कोणती बुरशी? कोलेटोट्रायकमचे डाग उंचवट्यासारखे बोटाला लागतात. भुरी पांढरी पिठासारखी असते, तिला गंधकाची भुकटी चालते. पावसाळ्यात हिरवी पानंच गळतात आणि देठावर चिकाचा थेंब गोठलेला दिसतो, ती फायटोफ्थोरा. तिला पावसाआधी बोर्डो मिश्रण मारतात, आणि ती तर खरी बुरशीही नव्हे! आमच्या पानांवर शिरांच्या कडेने माशाच्या काट्यासारख्या काळ्या रेघा होत्या. म्हणजे कोरिनेस्पोरा. हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मुख्य मुद्दा घाईतच मांडतो. कोरिनेस्पोरा कॅसिकोला हे नावही पुरत नाही. ही बुरशी कापूस, टोमॅटो, पपई, सोयाबीन अशा कितीतरी झाडांवर राहते. रबरावर तिचं हत्यार म्हणजे कॅसिकोलिन, २७ अमिनो आम्लांचं छोटं विष. त्याच्या जनुकाची सहा रूपं सापडली आहेत. पहिलं रूप बाळगणारे बुरशीचे वाण, म्हणजे एकाच नावाखालचे तिचे वेगळे प्रकार, रबरावर सर्वांत जहाल. काही वाणांत यातलं एकही रूप नसतं, तरी ते सौम्य रोग करतात.

आता झाडाची बाजू. इस्टेटीत एकाच झाडाचे डोळे, म्हणजे कोंब, दुसऱ्या रोपांवर कलम करून हजारो झाडं करतात, म्हणजे सगळी जुळी. अशा जुळ्यांच्या गटाला क्लोन म्हणतात. एका झाडावर मात करणारा बुरशीचा वाण सगळ्यांवर करतो. श्रीलंकेत १९८०च्या दशकात आरआरआयसी १०३ हा क्लोन याच रोगाने बाद झाला. आपला लाडका आरआरआयआय १०५ही याला बळी पडतो. म्हणून कोणता क्लोन कोणत्या वाणापुढे टिकला, हे दोन्ही एकत्र लिहिलं गेलं पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे.

टेबलावर दाबून वाळवलेली पानं ठेवली आहेत. जाताना एकेक उचलून दिव्यासमोर धरा, शिरांच्या कडा बघा.