खळग्याच्या तळाशी

श्रोतेहो, नमस्कार.

रोटाव्हायरसच्या जुलाबांनी गळून गेलेले वर्षा-दीड वर्षाचे मूल दवाखान्यात येते, तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले असतात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच जागेवर जात नाही, आणि आई विचारते, "डॉक्टर, याच्या पोटात काही टिकणार कधी?" या प्रश्नाचे उत्तर लहान आतड्याच्या अस्तरात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खळग्यांच्या तळाशी आहे, आणि आज मी त्याविषयी बोलणार आहे.

लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात, आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांच्यावरील पेशी करतात. रसांकुरांच्या पायथ्याशी अस्तर खाली बुडून अरुंद खळगे तयार झालेले असतात. अन्न, आम्ल, पित्त आणि जंतू यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या या अस्तरातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसच टिकतात. खळग्यात जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत तिचे काम ठरते, आणि रसांकुराच्या टोकाला पोहोचल्यावर ती गळून पडते.

दुर्बिणीतून तपासलेल्या आतड्याचा छोटा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की हे प्रत्यक्ष दिसते. गुलाबी पार्श्वभूमीवर खळग्यांच्या निळसर कडा उठून दिसतात, आणि त्यांच्या खालच्या भागात मधूनच एखादी पेशी विभाजनाच्या ऐन क्षणी सापडते: तिच्यातली गुणसूत्रे दोन समांतर, गडद रेघांसारखी एकमेकींपासून दूर निघालेली असतात. इजा झालेल्या आतड्यात अशा पेशी जास्त दिसतात आणि खळगे लांबलेले असतात. कितीही वेळा पाहिले तरी ही काचपट्टी बाजूला ठेवावीशी वाटत नाही.

हे विभाजन सुरू ठेवणाऱ्या मूलपेशी नेमक्या कोणत्या, यावर बराच काळ वाद होता. खळग्याच्या अगदी तळाशी असलेल्या सडपातळ पेशी या मूलपेशी असाव्यात, असे कॅनडातील चेंग आणि लब्लाँ यांनी 1974 साली सुचवले होते. 2007 साली नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे हान्स क्लेव्हर्स आणि निक बार्कर यांच्या गटाने उंदरांमध्ये याच पेशींवरील एलजीआर-5 नावाची खूण शोधली आणि अस्तरातील सर्व प्रकारच्या पेशी त्यांच्यापासून बनतात हे दाखवून दिले. उंदराच्या एका खळग्यात अशा साधारण पंधरा पेशी असतात. त्यांना खेटून असलेल्या पानेथ पेशी जंतुनाशक द्रव्ये स्रवतात आणि मूलपेशींना विभाजनाचे रासायनिक संकेतही देतात. 2009 साली याच संशोधकांनी एकच मूलपेशी जेलमध्ये वाढवून तिच्यापासून इवलेसे आतडे घडवले.

खरे आश्चर्य 2011 साली समोर आले. उंदरांमधील एलजीआर-5 खूण असलेल्या सगळ्या पेशी विषाने मारून टाकल्या, तरी अस्तर कोसळले नाही, आणि विष थांबवल्यावर त्या पेशी पुन्हा दिसू लागल्या. पुढील प्रयोगांतून कळले, की खळग्यातून वर निघालेल्या, काम जवळपास ठरलेल्या पेशीसुद्धा तळाची जागा रिकामी झाल्यास मागे फिरून मूलपेशी होऊ शकतात. म्हणून मला वाटते, की मूलपेशीपण हा एखाद्या निवडक पेशीचा जन्मसिद्ध मान नसून तो बराचसा त्या जागेचा गुण आहे. अर्थात याला मर्यादा आहेत. किरणोत्साराच्या मोठ्या माऱ्यानंतर नव्याने तयार होणाऱ्या एलजीआर-5 पेशीही नष्ट केल्या, तर अस्तर नीट भरून येत नाही.

जखम उथळ असेल, तर शेजारच्या पेशी चपट्या होऊन काही तासांतच उघडी जागा झाकतात. विभाजनाचे काम त्यानंतरचे. जखम खोल असून खळगेच नाहीसे झाले असतील, तर कडेचे खळगे दुभंगून वाढतात आणि नवे खळगे पडतात. या दुरुस्तीला प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची मदत होते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी हीच द्रव्ये कमी करतात, म्हणून अशा गोळ्या मनाने, दिवसेंदिवस घेत राहू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे परत येऊ. रोटाव्हायरस मुख्यतः रसांकुरांवरील प्रौढ पेशींचा नाश करतो, खळगे मात्र बव्हंशी शाबूत राहतात. त्यामुळे पुढच्या काही दिवसांत अस्तर भरून येते. तोवर बाळाच्या अंगातले पाणी आणि क्षार टिकवणे आपल्या हाती असते. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र शोषून घेणारी वाट जुलाबातही पुष्कळशी चालू राहते, म्हणूनच ओआरएस उपयोगी पडते. त्याच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी, चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. बाळाला उपाशी ठेवू नये आणि अंगावरचे दूध मुळीच थांबवू नये. जुलाबानंतर काही मुलांना वरचे दूध थोडे दिवस पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर प्रौढ पेशींमध्ये असते, आणि खळग्यातून नुकत्याच वर आलेल्या पेशींना तेवढे प्रौढ व्हायला अजून थोडा अवधी लागतो.