मारला, पण लागला नाही

औसा तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेत इंग्रजी क्रियापदांचं पाठांतर चाललंय. 'गो, वेंट, गॉन' म्हणताना पोरं अडखळतात. 'हिट, हिट, हिट'ला मात्र वर्ग दणाणतो. तिन्ही रूपं एकच. फळ्यावर अर्थ लिहिलाय: मारणे. आम्हीही हाच शिकलो. तो अपुरा आहे.

शाळेमागच्या चिंचेला हे पोरगं दगड मारतंय, बघा. पहिला दगड फांदीजवळून निघून गेला. मारला, पण लागला नाही. तो 'हिट' नव्हे. दुसरा नेमका बसला, चिंच टपकन खाली. हा 'हिट'. या शब्दाचा जीव लागण्यात आहे.

इंग्रजीत तो आला जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्वीडन-नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतून. तिथे 'हिट्टा' म्हणजे गाठ पडणे, सापडणे. स्वीडनमध्ये हरवलेली किल्ली सापडली, तर आजही हेच क्रियापद वापरतात. इंग्रजीत एखादी कल्पना अचानक सुचली की 'हिट अपॉन' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे.

आपल्या 'लागणे'त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ठेच लागते, ऊन लागतं. शोधही लागतो.

इंग्रजी बातम्यांत मराठवाड्याच्या नावाआधी 'ड्राउट-हिट' हमखास येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं, तेव्हाही आलं. मराठी बातमीत 'दुष्काळग्रस्त', म्हणजे दुष्काळाने गिळलेला. गावात कुणी असं बोलत नाही. इथे दुष्काळ पडतो. गारपीट मात्र झोडपते, खळ्यावर तूर झोडपतात तशीच. हरभरा आडवा झालेला ज्यानं पाहिलाय, त्याला हा शब्द समजावावा लागत नाही.

आणि इथे पाणी लागतं. किंवा लागत नाही.

रात्रीचे दोन. शेतात बोअरची गाडी उभी आहे. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. काळ्या खडकाचा राखाडी फुफाटा उडतोय, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. मागचा बोअर कोरडा गेला होता. घरधनी फूट मोजतोय आणि मनात पैसेही. अचानक धूळ बसते, भोकातून ओला गाळ उसळतो. म्हातारी पुढे होऊन तो मुठीत घेते, दाबून बघते.

"लागलं गं माय, लागलं!"