‘विशिष्ट दृष्टी’ म्हणजे नेमकी कोणती?

फेब्रुवारी २०२३. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडची उपनगरं. सकाळी लोक दार उघडतात तर अंगणात प्लास्टिकच्या पिशव्या, आत ज्यूंविरुद्धची पत्रकं. एक पिशवी एस्थर पॅनिच यांच्या दारातही पडली होती. राज्याच्या विधिमंडळातल्या त्या तेव्हा एकमेव ज्यू सदस्य होत्या.

जॉर्जियाला हे नवं नाही. १९१५ मध्ये पेन्सिल कारखान्याचा ज्यू व्यवस्थापक लिओ फ्रँक याला जमावाने तुरुंगातून उचललं आणि मॅरिएटामध्ये झाडाला लटकावून मारलं. झाडाखालच्या गर्दीचे फोटो पुढे पोस्टकार्ड म्हणून विकले गेले. १९५८ मध्ये अटलांटातल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, डायनामाइटचा स्फोट घडवला गेला. हा द्वेष ओळखायला व्याख्या कशाला हवी?

पण घर शोधणाऱ्या ज्यूला घरमालक गोड हसून ‘जागा कालच गेली हो’ म्हणतो, तेव्हा? त्याच्या मनातलं कोर्टात कसं दाखवायचं?

३१ जानेवारी २०२४ रोजी गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी ‘एचबी ३०’ विधेयकावर सही केली. त्याने नवा गुन्हा घडवला नाही. भेदभावाच्या किंवा द्वेषगुन्ह्याच्या प्रकरणात हेतू तपासताना सरकारी यंत्रणेने ज्यूद्वेषाची एक व्याख्या विचारात घ्यावी, एवढंच. व्याख्या इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्ब्रन्स अलायन्स या, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची आठवण जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, २०१६ ची. तिची सुरुवात अशी: ज्यूंकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी, जी ज्यूंविषयीच्या द्वेषातून व्यक्त होऊ शकते. ‘विशिष्ट’ म्हणजे कोणती? ‘शकते’ म्हणजे कधी? असे मोघम शब्द वकिलांना फार आवडतात.

खरी भांडणं पुढच्या अकरा उदाहरणांवरून. इस्रायलच्या धोरणाची नाझींशी तुलना, संदर्भ पाहून, ज्यूद्वेषात मोडू शकते; इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका मोडत नाही. सीमारेषा कुणी आखायची? मसुद्यात पुढाकार घेतलेले केनेथ स्टर्नच सांगत आले आहेत, की ही व्याख्या घटनांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी होती, लोकांचं बोलणं आवरायला नव्हे.

जॉर्जियाच्या कायद्यात म्हणून एक कलम आहे: अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या, भाषणस्वातंत्र्यासारख्या हक्कांना धक्का लागणार नाही. घर नाकारलं, सिनेगॉगची काच फोडली, तर ही व्याख्या टेबलावर येते. पॅनिच यांच्या दारात पडली तसली पिशवी? तिच्यातल्या नुसत्या मजकुरासाठी या कायद्याखाली खटला उभा राहत नाही.