हाडाला आकार देणारी हत्यारे आणि नाशिकचा कारखानदार

(दृश्य : अंबड औद्योगिक वसाहतीतील एक गाळा. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर पोलादी तुकड्याला दाते पाडले जात आहेत.)

खुब्याचा सांधा बदलताना शल्यविशारद मांडीच्या हाडाच्या पोकळीत ब्रोच नावाची दातेरी कानस ठोकून उतरवतात. लहान मापापासून एकेक मोठे माप घेत गेल्यावर कानस हाडात घट्ट बसते, तेव्हा हातोडीचा आवाज बदलतो आणि सरावलेल्या कानाला तो फरक लगेच कळतो. या कानशीचा आकार त्या हाडात बसणाऱ्या कृत्रिम सांध्याच्या दांड्याशी जुळवलेला असतो, त्यामुळे हत्यारांचा संच बहुधा सांधा विकणारी कंपनीच शस्त्रक्रियेपुरता पाठवते आणि नंतर परत नेते. ही हत्यारे बनवण्याच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्याने रुग्णालयांचे उंबरठे झिजवण्यात फारसा अर्थ नाही, कारण कानशीचा खरा गिऱ्हाईक ती कंपनी आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने कमाल मर्यादा घातली. संचाचा खर्च सांध्याच्या किमतीतूनच भरून काढायचा असल्याने हत्यारांचा संच देशातच, कमी दरात तयार करून घेण्याकडे कंपन्यांचा कल वाढणे स्वाभाविक आहे.

(दृश्य : करवतीचे पाते, अगदी जवळून.)

पात्यांचा आणि बरचा, म्हणजे हाड कोरणाऱ्या फिरत्या टोकाचा, हिशेब निराळा आहे. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसवर राहिले तरी त्यातील पेशींना इजा होऊ शकते. बोथट पाते हाड कापण्याऐवजी घासते व तापवते, म्हणून ते बदलावेच लागते, आणि शस्त्रक्रिया वाढल्या की ही मागणी आपोआप वाढते. छिन्नीचे तसे नाही. नीट धार लावत राहिल्यास ती वर्षानुवर्षे चालते.

जर्मनीतील टुटलिंगेन आणि पाकिस्तानातील सियालकोट ही या व्यवसायाची जुनी केंद्रे आहेत. सियालकोटशी हातकामाच्या स्वस्ताईत स्पर्धा करणे नाशिकला परवडेल असे वाटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी वाहनांचे सुटे भाग आणि ओझरला विमानांचे काम पाहिले आहे. प्रत्येक नग कोणत्या पोलादाचा, ते कडक करण्यासाठी त्याला पाणी कधी दिले, तपासणी कोणी केली, ही नोंद ठेवण्याची सवय येथे आहे, आणि आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचे मानक मुख्यतः तीच शिस्त मागते.

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणांचे वाढत्या जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत. निर्जंतुक करून न विकली जाणारी आणि मोजमापाचे काम नसलेली ‘अ’ वर्गातील साधी हत्यारे ऑक्टोबर २०२२ पासून परवान्यातून सुटली, त्यांना ऑनलाइन नोंदणी पुरते; त्यावरच्या वर्गांना मात्र परवाना लागतो. लहान गाळेधारकाला ही सवलत मोठी आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते.

येत्या काही वर्षांत येथे आधी जॉब वर्क येईल, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकली जाणारी कानस आणि पाती. विजेवरच्या ड्रिलला अधिक वेळ लागेल, कारण १३४ अंशांच्या वाफेत वारंवार निर्जंतुक होऊनही न बिघडणारी मोटर आणि तिचे सील बनवणे हे दाते पाडण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.