ताट लपवता येत नाही

मागच्या महिन्यात एक आई बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) नैराश्याची गोळी सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. बाईंनी मोबाइल पुढे केला. फिरत फिरत आलेला मेसेज होता: योग्य आहाराने चौपट लोक बरे होतात, गोळ्या बंद करा. "डॉक्टर, करू का बंद?"

मेसेज अगदीच हवेतला नव्हता. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली 'स्माइल्स' ही चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. नैराश्य आणि खाण्यापिण्याची आबाळ, दोन्ही असलेली ६७ माणसं तिच्यात होती. निम्म्यांना आहारतज्ज्ञांनी १२ आठवडे भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल असं जेवायला शिकवलं. उरलेल्यांशी कुणीतरी तितक्याच वेळा खेळावर, बातम्यांवर गप्पा मारल्या. गप्पा जमेनात तर पत्ते खेळले. शेवटी आहाराच्या गटातले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, गप्पांच्या गटातले ८ टक्के. चौपट आलं ते इथून.

पण त्यातले बहुतेक जण आधीपासून गोळ्या किंवा समुपदेशन घेतच होते. म्हणजे आहार विरुद्ध गोळी असा सामना तिथे झालाच नाही. चालू उपचारांना आहाराची जोड दिली होती. मेसेजमधून नेमकं हेच गळलं आणि मला राग येतो तो याचा. कारण ते वाचून कुणीतरी खरोखरच गोळी थांबवतं.

दुसरी अडचण ताटाची. गोळीच्या चाचणीत अर्ध्या लोकांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देता येते. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नसतं, डॉक्टरलाही नसतं. जेवणाचं असं कसं करणार? समोर काय वाढलंय ते दिसतंच. आपल्याला चांगलं काही मिळतंय या आशेनेही माणसाला बरं वाटतं आणि आपल्या वाट्याला नुसत्या गप्पा आल्या की तो हिरमुसतो. आहाराच्या गटातले दोघे मधेच गळले, गप्पांच्या गटातले नऊ.

गोळ्यांचं काय? २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र मांडल्या, एक लाख सोळा हजारांहून जास्त माणसांच्या. एकवीसच्या एकवीस औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक लहानच होता. चाचण्याही बहुतेक आठेक आठवड्यांच्या. शिवाय तोंड कोरडं पडलं की आपल्याला खरी गोळी मिळाली हे काहींना कळतंच. औषध कंपन्यांचा इतिहासही सांगायला हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या नैराश्याच्या गोळ्यांच्या ७४ चाचण्या टर्नर या संशोधकांनी तपासल्या, २००८ साली. छापून आलेलं वाचलं तर ९४ टक्के यशस्वी. प्रशासनाच्या दप्तरात ५१ टक्के. सिप्रियानींनी न छापलेल्या चाचण्याही शोधून धरल्या, म्हणून मी त्यांच्या आकड्यांवर जास्त विसंबतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची मात्र नकली जोडी करता येते. युरोपातल्या 'मूडफूड' चाचणीत वजन जास्त आणि मन थोडं खचलेलं अशा १,०२५ लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, फॉलिक अॅसिड, सेलेनियम दिलं, उरलेल्यांना नकली गोळ्या. नैराश्य टळलं नाही. यावरून सकस जेवण निरुपयोगी ठरत नाही. पण अशा गोळ्यांच्या महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

जिथे खरोखर कमतरता आहे तिथली गोष्ट वेगळी. पुण्यात डॉ. याज्ञिक यांच्या गटाने शहरातल्या आणि खेड्यांतल्या पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी निघालं. बी-१२ कमी असलं की थकवा येतो, मन उदास होतं. म्हणून त्या मुलाचं बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. बी-१२ कमी होतं, ते भरून काढतो आहोत. गोळी चालू आहे.

बाई म्हणाल्या, "डबा तसाच परत येतो हो. कालची भाजीसुद्धा झाकण न उघडता आली." मी म्हटलं, तो जेवत नाही म्हणून खचलाय की खचलाय म्हणून जेवत नाही, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. या वयात सुरुवातीच्या दिवसांत मरणाचे विचार वाढूही शकतात, तेव्हा त्याला एकटं ठेवू नका. तसं काही बोलला तर लगेच घेऊन या. रात्र असली तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. गोळी मनाने बंद करू नका. आणि डबा परत आला तर रागावू नका; दोन घास जातील असं, त्याच्या आवडीचं करा.