मेव्हण्याचा अर्ज

नमस्कार श्रोतेहो. विषय हितसंबंधांचा आहे, पण सुरुवात बेदाण्यापासून करतो.

तासगावच्या बाजूला माझ्या मेव्हण्याची द्राक्षबाग. त्याला बेदाण्याची शेड उभारायची होती आणि मी तेव्हा एका पतसंस्थेत संचालक होतो. कर्जाच्या बैठकीत सचिवांनी त्याचा अर्ज वाचला. नात्यातला विषय आला की संचालकानं तसं सांगायचं आणि बाहेर जायचं, एवढं मला कळत होतं. मी सांगितलं. बाहेर मात्र गेलो नाही. चहा नुकताच आला होता, सोबत कांदाभजी. म्हटलं, आपण बोलायचं नाही, झालं.

खरंच तोंड उघडलं नाही. पण जो तो आधी अर्जाकडं बघायचा, मग माझ्याकडं. सातबारा जुना होता, कुणी विचारलं नाही. "दादांच्या घरचंच आहे," असं अध्यक्ष म्हणाले आणि दोन मिनिटांत ठराव झाला. पुढचा अर्ज विट्याच्या एका यंत्रमागवाल्याचा. त्याच्याही घराचा उतारा जुना होता. "पुढच्या मीटिंगला घेऊ."

मेव्हण्यानं कर्ज वेळेत फेडलं, एक हप्ता थकवला नाही. म्हणून तर हे कुणाला सांगितलं की हसतात. मग बिघडलं कुठं? वर ऐकवतात, तळं राखील तो पाणी चाखील. ही म्हण आपल्याकडं टोमणा म्हणून कमी आणि परवाना म्हणून जास्त चालते.

कायदा मात्र फसत नाही. ग्रामपंचायतीच्या 1958 च्या अधिनियमातलं कलम 14 बघा. पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा थेट वा आडून हिस्सा निघाला, तर त्याचं पद जाऊ शकतं. गटार चांगलं बांधलं का, हा प्रश्न तिथं येतच नाही. आणि मिरजेला तर कर्नाटकातूनही पेशंट येतात. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरनं कमिशन घेऊ नये, असं 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत लिहिलंय. 'कट' हा शब्द तरीही रिक्षावाल्याला ठाऊक असतो. सांगितलेली तपासणी गरजेची असेलही, पण ते पेशंटनं कसं ओळखायचं?

अशा भाषणात रामशास्त्री प्रभुण्यांना आणायची रीत आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे, म्हणजे आपल्याच भागातले. पण नारायणरावांच्या खुनासाठी राघोबादादांना दोषी ठरवण्याचं धैर्य माझ्याकडं कुणी मागितलंच नव्हतं. मला फक्त खुर्ची सोडून व्हरांड्यात जायचं होतं, भजी गार झाली असती.

पुढच्या मीटिंगला मीच म्हणालो, विट्याचा अर्ज पहिला घ्या. सचिवांनी फाईल चाळली.

"दादा, त्यानं कागद परत नेले. बाहेरनं उचलले म्हणं पैसे. शेकडा तीननं, महिन्याला."